दुसरी देणगी कशी येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेला पंचवीस वर्षं होत आली. सुरुवातीपासून पाठीशी उभे राहिलेले देणगीदार आता थकले, काही गेले. वर्षातून दोनदा जाणाऱ्या पत्रांना पूर्वीसारखा प्रतिसाद येत नाही. एक विश्वस्त म्हणतात सोशल मीडियावर मोहीम काढा, दुसरे क्राउडफंडिंगचा, म्हणजे इंटरनेटवरून खूप लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याचा, आग्रह धरतात, तिसऱ्यांना वाटतं एआयकडून आवाहनं लिहून घेतली की भागेल. निधी संकलनासाठी माणसं दोनच, तीही इतर कामं सांभाळून. अशा वेळी हात नेमका कशाला घालावा?

मी या कामात सव्वीस वर्षं आहे. पाकिटांवर पत्ते चिकटवण्यापासून सुरुवात केली आणि आज माझा बराचसा दिवस डेटाबेससमोर जातो. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. नवं तंत्र आलं की पहिली देणगी मिळवणं सोपं होतं. दुसरी मात्र होती तितकीच अवघड राहते, आणि संस्था तगतात त्या दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या देणगीवर. त्यामुळे तिन्ही विश्वस्तांच्या सूचनांना मी एकच कसोटी लावेन: यातून आलेला माणूस पुढच्या वर्षी आपल्यासोबत असेल का?

खूप लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवणं इंटरनेटने शिकवलं, असा एक समज आहे. १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी रखडला होता. जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रातून आवाहन केलं आणि पाचेक महिन्यांत लाखाहून अधिक लोकांकडून एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिला होता. पुलित्झर यांनी एक वचन दिलं होतं: रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापून येईल. छपाईच्या तंत्रामुळे आवाहन घराघरात पोहोचलं खरं, पण लोकांना बांधून ठेवलं ते या वचनानं. पुढे १९३८ मध्ये पोलिओविरुद्धच्या मोहिमेसाठी विनोदी कलाकार एडी कँटर यांनी रेडिओवरून श्रोत्यांना सांगितलं की एक एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसला पाठवा. सव्वीस लाखांहून जास्त नाणी आली. तेव्हाचं तंत्र रेडिओचं होतं, आणि देणारा प्रत्येक जण स्वतःला त्या कामाचा भागीदार समजत होता. तुमच्या नव्या मोहिमेत हा भागीदारीचा भाग कुठे आहे, हे आधी शोधा. माध्यम नंतर ठरवता येतं.

आता पहिल्या विश्वस्तांच्या सूचनेकडे येतो. २०१४ च्या उन्हाळ्यात आइस बकेट चॅलेंजमधून, म्हणजे बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेऊन इतरांना आव्हान देण्याच्या मोहिमेतून, अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला (एएलएस हा चेतापेशींचा आजार) अवघ्या काही आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. तेव्हापासून मी गेलो त्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी विचारलंय, ‘आपलं असं काहीतरी का होऊ नये?’ प्रामाणिक उत्तर असं की ती मोहीम संस्थेनं आखलेली नव्हती. ती रुग्णांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या वर्तुळातून उभी राहिली आणि संस्थेनं ती सांभाळली. शिकण्यासारखं आहे ते नंतरचं. त्या पैशातून झालेल्या संशोधनाची माहिती संस्था देत राहिली, आणि २०१६ मध्ये एनईके१ हे जनुक या आजाराशी जोडलेलं असल्याचं समोर आलं तेव्हा बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलेल्या माणसाला ‘माझ्या पैशाचं काय झालं’ याचं उत्तर मिळालं. लाट आणणं तुमच्या हातात नाही. आलीच तर तिच्यानंतरच्या दोन वर्षांत लोकांना काय सांगायचं, याची तयारी मात्र करता येते.

लाटेतून आलेल्या पैशाची दुसरी बाजू मला २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर कळली. फोनवरून एक शब्द पाठवला की दहा डॉलर फोनच्या बिलात लागत. अमेरिकन रेडक्रॉसला या मार्गाने तीन कोटींहून अधिक डॉलर मिळाले. पुढे या देणगीदारांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्यांतल्या बहुतेकांनी मोहिमेबद्दल ऐकलं त्याच दिवशी पैसे दिले होते, आणि निम्म्यांनी तर ऐकताक्षणी. मन हललं, अंगठा हलला, पैसे गेले. यात वाईट काहीच नाही, आपत्तीत वेग लागतोच. पण अशा व्यवहारात माणसाबद्दल फारसं काही कळत नाही, आणि ज्याची ओळखच झाली नाही त्याला पुढचं पत्र लिहायचं कसं?

फेसबुकवरच्या वाढदिवसाच्या मोहिमांचंही तेच. वाढदिवसाला कुणी मित्रांना एखाद्या संस्थेसाठी पैसे द्यायला सांगतं, त्या या मोहिमा. २०१७ मध्ये फेसबुकने अशा देणग्यांवरचं शुल्क काढून टाकलं आणि लहान संस्थांनाही पैसे येऊ लागले. मैत्रिणीच्या वाढदिवसाला कुणी काही देतो तेव्हा तो तिच्यासाठी देतो. आपलं नाव त्याच्या लक्षात राहीलच असं नाही, आणि त्याचा ईमेल पत्ता बहुतेक वेळा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. रक्कम मिळते, माणूस मिळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की अशा मोहिमेत जिचा वाढदिवस आहे तिच्याशी नातं जोडा. तुमची खरी देणगीदार ती आहे. तिला सविस्तर पत्र पाठवा, काम बघायला बोलवा आणि तिच्या मित्रांपर्यंत तुमचे दोन शब्द तिच्याच हातून पोहोचू द्या. क्राउडफंडिंगलाही हेच लागू आहे. एखादं यंत्र, एखादी खोली, एखादी शस्त्रक्रिया अशा ठरावीक, संपणाऱ्या गरजेसाठी ते उत्तम. पगार, भाडं, प्रवास यांसाठी जवळजवळ निरुपयोगी. आणि तुमची अडचण पगार-भाड्याचीच आहे, असं तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं.

तेव्हा सोशल मीडिया वापरा, पण दार म्हणून. आत आलेल्या माणसाला तुमच्या स्वतःच्या यादीत आणा, कारण दुसऱ्याच्या मंचाचे नियम कधीही बदलतात. स्वतःची यादी म्हणजे नाव, पत्ता, फोन, ईमेल, कधी किती दिलं, कशासाठी दिलं, आणि संपर्क करायला त्यांनी परवानगी दिली आहे का. एका साध्या स्प्रेडशीटवर सुरुवात केली तरी चालेल. ती नीट ठेवणं हे मात्र कुणा एकाच्या नावावरचं काम हवं.

ईमेलबद्दल दोन तांत्रिक गोष्टी, कारण यात चांगल्या संस्था नाहक मार खातात. २०२१ च्या शरद ऋतूपासून ॲपलच्या मेल ॲपमधली गोपनीयतेची सोय चालू असेल तर मेलमधली चित्रं आपोआप आधीच उतरवली जातात. त्यामुळे ‘मेल किती जणांनी उघडला’ हा आकडा फुगतो. त्यावर विसंबून निर्णय घेऊ नका. किती जणांनी दुव्यावर टिचकी मारली, किती जणांनी उलट उत्तर लिहिलं आणि किती जणांनी दिलं, एवढंच मोजा. दुसरं, फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. तुमच्या डोमेनवर एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक ओळख पटवणारी नोंद हवी. मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्यांना या दोन्ही नोंदी, डीमार्क (ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारी नोंद) आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोयही लागते. आणि ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं, म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारींनीच रेषा गाठली जाते. म्हणून विकत घेतलेली यादी वापरायचा विचारही करू नका. आठ वर्षं ज्यांनी काही दिलं नाही, उत्तर दिलं नाही, त्यांना एकदा विचारून यादीतून मोकळं करा. यादी लहान झाली की विश्वस्तांना वाईट वाटतं. वाटू द्या.

आता ज्यासाठी तुमच्या दोन माणसांचा निम्मा वेळ जावा असं मला वाटतं, त्या मासिक देणगीकडे येतो. अमेरिकेतल्या संस्थांची आकडेवारी वर्षानुवर्षं हेच दाखवते की आदल्या वर्षी दिलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक पुढच्या वर्षी पुन्हा देतात, आणि पहिल्यांदाच दिलेल्यांत हे प्रमाण त्याहून खूप कमी असतं. मासिक देणगीत चित्र उलटं असतं. एकदा जोडलेला माणूस दर महिन्याला नव्यानं ठरवत बसत नाही. तरुण पिढीला चेक लिहायची सवय नाही, पण दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप जाणं तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. संगीत, चित्रपट, फोन, सगळंच तसं. तुमची अडचण तरुण देत नाहीत ही नसून त्यांना द्यायला सोयीचा मार्ग तुम्ही ठेवलेला नाही, अशी असू शकते. एकदा स्वतःच्या फोनवरून स्वतःच्याच संस्थेला देणगी द्यायचा प्रयत्न करा. किती रकाने भरावे लागतात ते मोजा.

मासिक देणगीत गळती कुठे होते, हे मला फार उशिरा समजलं. मन बदलल्यामुळे बंद करणारे थोडे असतात. बरेच जण सुटतात ते कार्डाची मुदत संपली, बँकेनं नवं कार्ड दिलं, त्या दिवशी खात्यात शिल्लक नव्हती म्हणून. देणगीदाराला वाटत असतं की आपण अजून देतोय. एका संस्थेची जुनी नोंद तपासताना मला असे अडीच वर्षांपूर्वी सुटलेले लोक सापडले होते. कुणी त्यांना कळवलंच नव्हतं. आम्ही एकेकाला साधं पत्र लिहिलं: ‘तुमचं कार्ड बदललेलं दिसतं, मधल्या काळातल्या कामाची हकिगत सोबत जोडली आहे.’ बऱ्याच जणांनी खेद व्यक्त करून पुन्हा सुरुवात केली. पैसे स्वीकारणाऱ्या सेवेत फसलेला व्यवहार काही दिवसांनी पुन्हा करून पाहण्याची आणि कार्डाची मुदत संपण्याआधी सूचना देण्याची सोय असते. ती चालू आहे का, हे आजच विचारा. त्याच सेवेला आणखी एक विचारा. चोरलेली कार्डं चालतात का हे तपासायला ठग लोक देणगीचे फॉर्म वापरतात, एका रात्रीत शेकडो बारीकसारीक रकमा टाकून बघतात. नंतर ते पैसे परत करावे लागतात, वर दंड बसतो. किमान रक्कम ठरवणं आणि फॉर्म भरणारा माणूसच आहे याची खात्री करणं, एवढ्यानंही बराच बचाव होतो.

आभाराबद्दल मला माझं मत बदलावं लागलं. वर्षानुवर्षं मी प्रशिक्षणात सांगत आलो की आभाराचा फोन केला की माणूस पुन्हा देतो. मग आन्या सामेक आणि चक लाँगफील्ड या दोघा संशोधकांचा अभ्यास वाचला. पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर, अनेक वर्षं चाललेला. काही जणांना आभाराचे फोन गेले, काहींना नाही. पुढच्या देणगीत फरक दिसला नाही. या क्षेत्रातल्या अनुभवी लोकांना आधी अंदाज विचारला होता, आणि मोठा फरक पडेल असा त्यांचा अंदाज होता. मीही तेच सांगितलं असतं. यावर बराच विचार करून मी या मताला आलोय की लिहून दिलेला मजकूर वाचणारा फोन हा आभार नसतो, तो आणखी एक संपर्क असतो. आता मी आभारासाठी वेगळी मोहीम काढायला सांगत नाही. मी सांगतो की देणगीदाराने जे विचारलं असेल त्याचं उत्तर द्या, ज्यासाठी दिलं त्याचं पुढे काय झालं ते कळवा, आणि जे फसलं तेही कळवा. या पद्धतीचा माझ्याकडे तसा मोठा प्रयोग नाही. माझ्या कामातला अनुभव आहे आणि तो मी तेवढ्याच वजनानं सांगतोय.

समाजातला एक बदल तंत्रज्ञानापेक्षाही खोल आहे असं मला वाटतं. पूर्वी ज्याचा फोटो पत्रकावर छापला जाई तो माणूस ते पत्रक कधी पाहत नसे. आज त्याच्या बहिणीकडे फोन असतो, शेजाऱ्याकडे असतो, आणि आपण काय लिहिलं ते त्या दिवशीच घरी पोहोचतं. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एसएआयएच या संस्थेनं २०१२ मध्ये एक व्हिडिओ काढला: आफ्रिकेतले लोक थंडीनं कुडकुडणाऱ्या नॉर्वेसाठी रेडिएटर गोळा करत आहेत. आपल्या आवाहनांमध्ये माणसं कशी दिसतात याचा तो आरसा होता. पण इथे खरा पेच आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की एका मुलीची गोष्ट सांगितली तर लोक आकडेवारीपेक्षा जास्त देतात, आणि गोष्टीला आकडेवारी जोडली तर देणं कमी होतं. म्हणजे एका माणसाची गोष्ट सांगावी तर लागतेच. ती सांगायची कशी, यावर मी आता तीन गोष्टींबद्दल तडजोड करत नाही. मजकूर आणि फोटो छापण्याआधी त्या व्यक्तीला दाखवायचा. नंतर कधीही तिने ‘काढा’ म्हटलं तर काढायचा. आणि तिने स्वतः काय केलं, हे गोष्टीत यायलाच हवं. आम्ही हे सुरू केलं तेव्हा काही आवाहनांची रक्कम घटली. ती घट मी विश्वस्तांसमोर मांडली आणि स्वीकारा असं सांगितलं.

एआयच्या सूचनेचं उत्तर इथेच येतं. २०२३ मध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने कोलंबियातल्या २०२१ च्या आंदोलनाबद्दल लिहिताना एआयने तयार केलेली चित्रं वापरली. आंदोलकांची ओळख उघड होऊ नये हा हेतू चांगला होता. तरीही टीका झाली आणि चित्रं मागे घ्यावी लागली. ज्या संस्थेचं सगळं भांडवल ‘आम्ही सांगतो ते खरं आहे’ हे आहे, तिने एआयनं बनवलेलं चित्र दाखवणं धोक्याचंच. मी एआय वापरतो ते यादीतली दुबार नावं शोधायला, अनुदानाच्या अर्जाचा पहिला कच्चा मसुदा करायला, लांबलचक अहवालाचा सारांश काढायला. देणगीदारांची नावं, रकमा, आजारपणं, घरगुती माहिती मी अशा कुठल्याही खुल्या साधनात टाकत नाही. आवाहनाचं शेवटचं रूप काम प्रत्यक्ष पाहिलेला माणूस लिहितो. अर्ज वाचणारी मंडळी मला सांगतात की हल्ली सगळे अर्ज एकसारखे वाटतात. तुमच्या कार्यकर्तीनं स्वतः लिहिलेला एक ओबडधोबड परिच्छेद त्या ढिगात उठून दिसेल.

माहितीच्या जबाबदारीबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये संस्थांना डेटाबेस पुरवणाऱ्या ब्लॅकबॉड या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तेरा हजारांहून अधिक ग्राहकांची, म्हणजे त्यांच्या देणगीदारांची, माहिती उघडी पडली. जी माहिती लागत नाही ती ठेवू नका, यापेक्षा स्वस्त सुरक्षा मला माहीत नाही. परवानगीबद्दल ब्रिटनचं उदाहरण बघा. समुद्रात बचावकार्य करणाऱ्या आरएनएलआयने २०१७ पासून, स्पष्ट होकार दिलेल्यांनाच संपर्क करायचा असं ठरवलं. यादी लहान होईल हे माहीत असूनही संस्थेनं तो निर्णय घेतला.

आभासी चलन, मोठ्या रकमा थेट देणारे नवे दाते, ‘प्रशासकीय खर्च किती टक्के’ हा जुना वाद, यांवर बरंच बोलता येईल, पण तुमच्या संस्थेला आज त्यांची गरज नाही. फक्त एक: २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, देणगीदारांना संस्थांची माहिती आणि मूल्यमापन पुरवणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं होतं, की केवळ प्रशासकीय खर्चावरून संस्थेचं मोजमाप करू नका. विश्वस्त पगाराचा खर्च लपवायला सांगत असतील तर त्यांना हे सांगा.

आणि आता तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य, जे मला सगळ्यात जास्त खटकलं: ‘आमचे देणगीदार वयस्कर झाले.’ तुम्ही हे अडचण म्हणून लिहिलंय. पंचवीस वर्षं जे सोबत राहिले, त्यांना कधी मृत्युपत्राबद्दल विचारलंय का? ब्रिटनमध्ये २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मृत्युपत्र करून देणाऱ्या सल्लागारांनी काहीच विचारलं नाही तेव्हा ५ टक्के लोकांनी सामाजिक कामासाठी काही ठेवलं. ‘धर्मादाय कामासाठी काही ठेवायचं आहे का?’ एवढंच विचारलं तेव्हा १०.४ टक्क्यांनी. आणि ‘आमचे बरेच ग्राहक असं काही ठेवतात, तुमच्या जिव्हाळ्याचं एखादं काम आहे का?’ असं विचारलं तेव्हा १५.४ टक्क्यांनी. एका वाक्यानं प्रमाण तिप्पट झालं. आपल्यातले बरेच जण हा विषय काढायला कचरतात, मीही कचरत असे. एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारलं होतं, ‘इतक्या वर्षांत तुम्ही हे का नाही विचारलंत? मला वाटलं तुम्हाला नको असेल.’ दबाव कधीच नको, कुटुंबीयांना अंधारात ठेवून तर मुळीच नको, आणि त्यांनी स्वतःच्या वकिलाकडूनच करून घ्यावं असा आग्रह धरा. पण विषय काढा.

म्हणून सुरुवात इथून करा. गेल्या वर्षी ज्यांनी दिलं त्यांची यादी काढा आणि त्यांतल्या किती जणांनी यंदा दिलं ते मोजा. मग सगळ्यात जुन्या वीस देणगीदारांची नावं वेगळी लिहा आणि प्रत्येकाकडे एक विश्वस्त आणि एक कार्यकर्ता अशा जोडीनं भेटायला जा. काही मागू नका. पहिल्यांदा का दिलं होतं, हे विचारा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. मासिक देणगीच्या आवाहनाची पहिली ओळ तुम्हाला त्या कागदांत सापडेल.